बारावा डबा

१

चोराने जाताना फरशी पुसून घेतली होती. चोऱ्या पुष्कळ ऐकल्या होत्या, पण असा टापटिपीचा चोर मी पहिल्यांदाच पाहिला.

वसईजवळच्या निर्मळमधल्या एका बंद पडलेल्या वाचनालयाची खोली आम्हाला कामासाठी मिळाली होती. साल २००३, संक्रांत होऊन तीन दिवस झालेले. शुक्रवारी सकाळी मी कुलूप काढलं तर आतलं कपाट सताड उघडं. वरच्या कप्प्यात कामणच्या खाणीत सापडलेला बेडकाचा जीवाश्म होता, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, कुणाही संग्राहकाला भुरळ पडावी असा. तो जागच्या जागी. मधल्या कप्प्यात चार मेलेल्या बायकांचे एक्स-रे. तेही जागच्या जागी. खालच्या कप्प्यात आम्ही घराघरांतून गोळा केलेल्या पुड्या आणि डबे होते: मशेरी, दंतमंजन, धूप, रांगोळी. त्यातला एकच डबा गेला होता. त्या चौघींतल्या एकीचा नवरा हरेश्वर, त्याच्या माळ्यावरून मी स्वतः उतरवलेला, रांगोळीचा गोल पत्र्याचा डबा.

मी सालोमी, आरोग्य खात्यातली परिचारिका. माझं गाव इथून सायकलवर वीस मिनिटं. पोलिसांत गेले असते तर रांगोळी चोरीला गेली असं लिहून द्यावं लागलं असतं. हवालदाराने मला चहा पाजून घरी पाठवलं असतं, आणि मी त्याला दोष दिला नसता.

पण ती रांगोळी साधी नव्हती. निर्मळमध्येच केळीच्या वाडीलगत एक आळी आहे, तिथे नऊ घरं. पाच आमच्या ख्रिश्चनांची, चार हिंदूंची. गेल्या सात वर्षांत चारही हिंदू घरांतली एकेक बाई गेली होती, आणि चौघींना एकच आजार. फुप्फुसाभोवती जे पातळ आवरण असतं त्याचा कर्करोग. छातीत पाणी भरतं, ते काढलं की पुन्हा भरतं. हा आजार अॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या कामगारांना होतो. या चौघींनी केळी आणि शेवंतीशिवाय काही पाहिलं नव्हतं.

खनिजांचा अभ्यास करणारी उन्नती मुंबईहून खरी त्या बेडकासाठी आली होती. माझ्या आग्रहाखातर तिने पुड्याही सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. गुरुवारी दुपारी त्या डब्यातली चिमूट पाहताना ती खुर्चीतून उठलीच. "सिस्टर, ही रांगोळी नाहीये. हे एरिओनाइट असावं. दगडातली लोकर म्हणा. याचे धागे श्वासातून गेले की वीस-पंचवीस वर्षांनी माणूस मरतो. डबा उघडू नका, आणि इथे झाडू तर अजिबात मारू नका." एका चिमटीवर कुठलीही प्रयोगशाळा सही करत नाही. डबा सोमवारी मुंबईला जायचा होता.

आता ती माझ्या शेजारी उभी राहून कोपऱ्याकडे बघत होती. तिथे प्लास्टिकच्या पिशवीत एक ओलं फडकं होतं, वर घट्ट गाठ मारलेली.

"डबा काढताना थोडं सांडलं असणार," ती म्हणाली. "पण त्याने झाडलं नाही, ओल्या फडक्याने टिपलं. म्हणजे धूळ उडाली तर काय होतं हे त्याला ठाऊक होतं. आणि हे मी काल फक्त तुम्हाला सांगितलं."

"म्हणजे चोर एक तर तू, नाही तर मी," मी म्हटलं. दोघीही हसलो नाही.

२

खोलीची किल्ली शेजारच्या रोझमेरीच्या ओट्यावर खिळ्याला टांगलेली असायची. गुरुवारी संध्याकाळी रोझमेरी चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला गेली होती. "आवं बाय, किल्ली काय लपवायची? हितं कोन चोर हाय?" ती म्हणाली. तेव्हा किल्ली कुणीही घेतली असेल. प्रश्न होता तो डबा कुणाला नकोसा झाला याचा.

पहिला संशय अर्थातच प्रितेशवर. कामणची दगडाची खाण त्याची. तो मला खाणीच्या पत्र्याच्या शेडमध्ये भेटला, पायांत पांढरे बूट, हातात दोन मोबाइल.

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. तुमच्या त्या बायका माझ्याकडे कधी कामाला होत्या? एकपण नाही. मग मला काय प्रॉब्लेम?"

"डब्यातला दगड तुमच्या डोंगरातला निघाला तर?"

"कुठला डबा?" तो खरंच गोंधळला. मग म्हणाला, "मला काय न्यायचं असतं ना, तर तो बेडूक नेला असता. त्या बेडकापायी ही मुंबईवाली माझं अर्धं काम बंद करायला निघालीय."

माणूस लबाड होता, पण बोलला ते खरं. शेडच्या दारात त्याचा गडी खराट्याने झाडत होता. धुळीचा लोट आमच्या अंगावर आला तरी प्रितेशने नाकाला हातही लावला नाही.

दुसरा हरेश्वर. त्याची बायको मथुरा तिसरी गेली होती. त्याला वाडी बिल्डरला द्यायची होती, आणि आळीत रोग आहे अशी आवई उठलेली त्याला परवडणारी नव्हती. पण मग त्याने एक्स-रे नेले असते. डब्याचं नाव काढताच तो म्हणाला, "बायकांची रांगोली कुठून येते ते मना काय ठाव? मथुरा सनासुदीला ती चमकनारी काढायची. लोक बगत उभे ऱ्हायचे." आणि एवढा मोठा माणूस उपरण्यात तोंड घालून रडायला लागला.

मागच्या पडवीत त्याची विधवा वहिनी धोंडूबाई शेवंती ओवत बसली होती. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेलेली, आता पासष्टीची, काटक. हरेश्वर रडताना तिचे हात थांबले नाहीत. मी निघाले तशी ती खालच्या आवाजात म्हणाली, "बाय, शोधून काडशील तवा पयलं मना सांग. मथुरा कशानं मेली ते मना कलायलाच पायजे."

"का हो?"

तिने दोरा दातांनी तोडला. "ते तुला सांगायचं नाय."

३

आत्माराम सरांकडे मी संशयाने गेले नव्हते. मदत मागायला गेले होते.

सरांनी निर्मळ-राजोडीच्या निम्म्या पोरांना विज्ञान शिकवलं, मलासुद्धा. तो बेडूक त्यांनीच शोधलेला. तीस वर्षं दर रविवारी सायकलने कामणच्या डोंगरात जायचे, लाव्हाच्या दोन थरांमधला मातकट खडक फोडून बघायचे. बायको वसुंधराबाई थट्टेने म्हणायच्या, माझी सवत डोंगरात राहते. चौघींतल्या पहिल्या गेलेल्या त्याच.

मी गेले तेव्हा सर ओटा पुसत होते. हो, पुसत. सत्तरीचा माणूस गुडघ्यांवर बसून ओलं फडकं पिळत होता. घरभर ओल होती. जिभेची सवय वाईट, मी म्हटलं, "सर, केरसुणी महाग झाली का?"

"केरसुणी टाकून दिली गं महिन्यापूर्वी," ते म्हणाले आणि बादली उचलून आत गेले.

ओट्याच्या कडेला ताटाएवढं सिमेंटचं नवं ठिगळ होतं, अजून काळसर ओलं. मी ते पाहिलं, आणि मनात म्हटलं, एकट्या म्हाताऱ्याने कसंबसं घर सावरलंय. कधी कधी आपल्या माणसाबद्दलची माया डोळ्यांवर पट्टी बांधते ती अशी.

चहा घेताना सर म्हणाले, "सालोमी, चोर सापडला नाही तर काय होईल?"

"आजाराचं कारण अज्ञात, असं लिहून कागद बंद करू. आणि ती रांगोळी जिच्या जिच्या घरी असेल, तिची सून, तिची नात ती काढत राहील."

सरांनी कप खाली ठेवला. "अजून असेल कुणाच्या घरी?"

"मला काय ठाऊक, सर? हरेश्वरच्या माळ्यावर होतीच की."

त्यांनी चहा तसाच बाजूला सारला. मला निरोप द्यायला उठलेसुद्धा नाहीत, आणि हे सरांच्या स्वभावात नव्हतं.

४

शनिवारी दिवसभर मी माझा तक्ता मांडून बसले. बेचाळीस प्रश्नांचा अर्ज मीच तयार केला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. विहीर कोणती, चूल की गॅस, मशेरी लावता का, खाणीत काम केलंत का. नऊ घरांची एकच विहीर, एकच वारा. ख्रिश्चन बायका ठणठणीत. पुरुष ठणठणीत. आम्ही दारात रोज रांगोळी काढत नाही, तेव्हा रांगोळीचा दोष मानला तर एवढं जुळत होतं.

धोंडूबाईपाशी सगळं अडत होतं. हिंदू, त्याच घरातली, मथुरेच्या ताटाला ताट लावून जेवलेली. तिच्या छातीचा एक्स-रे मी स्वतः काढून आणला होता. स्वच्छ.

संध्याकाळी वैतागून बाहेर पडले. आळीच्या तोंडाशी एका घरात हळदीकुंकू चाललं होतं. बायका नटूनथटून आत जात होत्या, हातात काहीतरी वाण घेऊन बाहेर येत होत्या. कुणाला वाटी, कुणाला कंगवा. समोर केळीच्या आडोशाला धोंडूबाई उभी होती.

"तुम्ही नाही गेलात, मावशी?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली. "मना कोन बोलावनार, बाय? रांडावलेलीला हलदीकुंकू लावतात काय?"

जन्म वसईत गेला. दर संक्रांतीला घरोघरचा तीळगूळ खाल्ला. आणि विधवेला बोलावत नाहीत हे ठाऊक असूनही माझ्या बेचाळीस प्रश्नांत हा एक प्रश्न आला नव्हता. आमच्या घरात हळदीकुंकूच नाही, तेव्हा बोलावणं येणं-न येणं हे मोजायची गोष्ट वाटलीच नाही.

"मावशी, मथुराबाईंना ती चमकणारी रांगोळी कुणी दिली? वाण म्हणून आली का?"

 ती केळीच्या बुंध्याशी खाली बसली.

"सव्वीस वर्सं झाली. वसुंदरेनं दिली. मास्तरीन माजी मैतरीन, रोज पानी संगं भरायचो. तिच्या घरचं पयलं हलदीकुंकू नि मना बोलावनं नाय. मथुरा गजरा घालून आली, डबा दाकवला. दुसऱ्या दिशी दारात असं चांदनं पाडलंन. मी तिच्या तोंडावर बोलले, तुज्या छातीवर दगड पडंल एक दिवस." तिने केळीचं सुकं पान ओढून काढलं. "आनि पडला ना, बाय. डाक्टर म्हनाला छातीत भरलंय. मग मना कललं. माजी हाय लागली तिला. चौगींनाबी माजीच."

तेव्हा कळलं, तिला का समजायला हवं होतं ते. मथुरा गेल्यापासून ही बाई स्वतःला खुनी समजत फुलं ओवत होती.

मी तिचा हात धरला. पण माझं लक्ष एका शब्दावर अडकलं होतं. मास्तरीण.

५

रविवारी सकाळी उन्नतीला घेऊन सरांकडे गेले. वाटेत तिला विचारलं, "धुळीबद्दल तू सरांना कधी काही बोलली होतीस?"

ती थांबली. "महिन्यापूर्वी. बेडकाच्या वरच्या थरात पोकळ्या आहेत, त्यात ही लोकर असते. मी म्हटलं, सर, साफ करताना ओलं फडकं वापरा, तोंडाला रुमाल बांधा. एक लेखही दिला वाचायला. अरे देवा, मी विसरूनच गेले."

सर ओट्यावर बसले होते, जणू वाट बघत. मी उभ्यानेच बोलले, कारण बसले असते तर बोलता आलं नसतं.

"सर, बेडूक राहिला, म्हणजे चोर खाणवाला नाही. एक्स-रे राहिले, म्हणजे हरेश्वर नाही. चोराला नकोसा होता तो फक्त डबा, आणि आपल्यामागून खोलीत येणाऱ्याच्या छातीत धूळ जाऊ नये एवढी काळजी त्याला होती. चोरी करतानाही पोरींचा विचार करणारा माणूस या आळीत एकच आहे. तुम्ही महिन्यापूर्वी केरसुणी टाकली. आणि डबा या नव्या सिमेंटखाली आहे."

"सिमेंटमध्ये कालवलाय," सर शांतपणे म्हणाले. "आता त्यातून धागा उडणार नाही."

उन्नतीने तोंडावर हात घेतला.

"ती पांढरी लोकर मीच आणायचो, दर रविवारी. बेडकासाठी दगड फोडताना पोकळीत सापडायची. रेशमासारखी. वसुंधरेला दाखवली, ती म्हणाली, रांगोळीत घातली तर चमकेल. मी खलात कुटून दिली. तिला पहिल्या हळदीकुंकवाला काहीतरी वेगळं द्यायचं होतं. शिक्षकाची बायको, सोनंनाणं नव्हतं. बारा डबे भरले मी. नंतर बायका रिकामे डबे घेऊन यायच्या, ती भरून द्यायची. सतरा-अठरा वर्षं चाललं." त्यांनी ओट्यावरचं फडकं उचलून घडी घातली. "तो बेडूक कशाने मेला, हे मी तीस वर्षं शोधत होतो, सालोमी. वसुंधरा कशाने मेली ते एकदाही शोधलं नाही. तो लेख वाचला त्या रात्री कळलं. मग गुरुवारी बेडूक बघायला खोलीवर आलो, तर तुमच्या कपाटात आमचाच डबा दिसला. बाकीच्या तीन नवऱ्यांच्या समोर उभं राहायची हिंमत झाली नाही."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

"डबे कुणाकुणाला दिले, सर? त्या बायका शोधायला हव्यात."

"तेच तर." त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "मला ठाऊक नाही गं. हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुष घरात थांबत नाहीत. मी मुद्दाम कामणला निघून जायचो. आणि नंतरही बायका यायच्या त्या मी शाळेत असताना. यादी होती ती वसुंधरेच्या डोक्यात."

म्हणजे चोर सापडला आणि आम्ही होतो तिथेच राहिलो. पुरावा सिमेंटमध्ये, आणि यादी स्मशानात.

६

धोंडूबाईला सांगायचं मी कबूल केलं होतं. सर म्हणाले, मी सांगतो. हरेश्वरच्या घरी पुढच्या दाराने न जाता ते मागच्या पडवीशी गेले आणि उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. कधी नव्हे ते विद्यार्थ्यासारखे हात जोडून.

तिने सगळं ऐकलं. पुढ्यातली फुलं बाजूला सारली.

"म्हंजे माजी हाय नाय?"

"नाही," मी म्हटलं.

"मी रागानं बोलले, त्यानं काय झालं नाय. आनि तुमी मायेनं दिलंत, त्यानं मेल्या." तिने हे सरांना टोचायला म्हटलं नव्हतं. ती हिशोब समजून घेत होती. सर खाली बसले. तिने तांब्या पुढे केला. "पानी प्या, मास्तर."

मी विचारलं, फारशी आशा नसताना. "मावशी, त्या दिवशी कोण कोण आलं होतं, काही आठवतं?"

"आटवतं काय इचारते?" ती जवळजवळ चिडली. "ह्या पडवीतून तिचं दार दिसतं. दिवेलागनीपासून बसले होते मी, कदी तरी हाक येल म्हनून. ज्याला पंगतीला बोलावत नाय त्याला अख्खी पंगत पाट असते." आणि तिने बोटांवर मोजत नावं घेतली. मथुरा. समोरची. तिच्या बाजूची. राजोडीला दिलेली म्हात्र्यांची लेक. कामणच्या पाटलांची सून. विरारला फ्लॅट घेतलेली तलाठ्याची बायको. लुगडं कुठल्या रंगाचं होतं, कोण आधी आली, कोण हसत बाहेर पडली. अकरा. मी लिहीत गेले. अकरातल्या तीन गेलेल्या. आठ घरं शोधायची होती, आणि उद्यापासून मी आठही शोधणार होते. रोगाला फारसं औषध नाही, पण आठ डबे तरी बंद होतील. आठ घरांतल्या नाती दारात ओणव्या होऊन ती धूळ ओढणार नाहीत.

"अकराच?" उन्नती म्हणाली. "सर, तुम्ही बारा भरले होते ना?"

सरांनी मान हलवली. त्यांनाही ते कोडंच होतं.

धोंडूबाई उठली. आतून लोखंडी पेटी ओढल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात जुनेराच्या चिंधीत बांधलेला गोल पत्र्याचा डबा होता. झाकण गंजून घट्ट बसलेलं.

"सगल्या गेल्यावर वसुंदरा मागच्या दारानं आली. बोलली काय नाय. हा उंबऱ्यावर ठेवला नि रडत गेली. मी आत होते, बगत होते. भायेर आले नाय." तिने डब्यावरून अंगठा फिरवला. "मना राग आला. चोरून देते म्हंजे काय? उगडलाच नाय कदी. आनि उगडून करनार काय, रांगोली काडायचा मान कोनाला होता? दुसऱ्या दिशीपासून तिच्याशी पानी भरायला गेले नाय मी. एक शबुद बोलले नाय, ती मरेपरेंत."

बंद डबा, न हाताळलेला, तारीख सांगणाऱ्या माणसासकट. उन्नतीला याहून चांगला पुरावा मिळाला नसता. ती पुढे झाली आणि अवघडून थांबली. सर डब्याकडे बघत होते. त्यांच्या बायकोने बारावा डबा कुणासाठी भरून घेतला, ते त्यांना आज कळत होतं.

मी हात पुढे केला. धोंडूबाईने डबा दिला नाही. छातीशी धरून ठेवला.

"बाय, एकदा उगडू दे. मी ती रांगोली जवलून बगितलीच नाय. कशी चमकते ती एकदा बगते नि मग ने."

"नको, मावशी," मी म्हटलं.

तिने मान खाली घातली. सव्वीस वर्षांपूर्वी एका गावाने तिला नाही म्हटलं होतं, आणि आज तेच म्हणायला मी उभी होते. सरांनी तांब्यातलं पाणी ओतून आपला रुमाल भिजवला, तिच्या हातातून डबा हळूच घेतला आणि त्या ओल्या रुमालात गुंडाळून माझ्याकडे दिला. ती फुलं ओवायला परत बसली.